एका गिटारीचा जीर्णोद्धार

घरातील जुन्या वस्तूंविषयी माणसांचे साधारणतः तीन पक्ष पडतात. एक म्हणतो, ती आहे तशीच राहू द्या. दुसरा म्हणतो, ती वापरात आणा. आणि तिसरा म्हणतो, ती विकून मोकळे व्हा. तिसरा पक्ष आमच्या घरी नाही, ही परमेश्वराची कृपाच म्हटली पाहिजे. परंतु पहिल्या दोन पक्षांत गेले दोन महिने जो वाद चालला आहे, त्यात मध्यस्थ म्हणून आमची नेमणूक झाल्यामुळे, ज्यांना हार्मोनियमवर साधा षड्जही धड सापडत नाही अशा आम्हांस, एका इलेक्ट्रिक गिटारीच्या दुरुस्तीची आणि रंगकामाची सांगोपांग योजना कागदावर मांडणे भाग पडले. तीस वर्षे अध्यापनात घालविलेल्या माणसाकडे कोणतेही काम सोपवा, तो प्रथम त्याची टिपणे काढतो. आम्हीही तेच केले.

ही गिटार आमच्या थोरल्या बंधूंची. 1984 साली मुंबईस एका खलाशाकडून त्यांनी ती विकत घेतली. ती घडली जपानात. घाट मात्र अमेरिकेतील फेंडरच्या 'स्ट्रॅटोकास्टर' ह्या गिटारीचा. पुण्यातील एका ऑर्केस्ट्रात बंधूंनी ती अकरा वर्षे वाजविली. पुढे बँकेतील बढत्या आणि बदल्या सुरू झाल्या व तिचे वाजणे गणेशोत्सवापुरते उरले. 2019 साली बंधू गेले आणि ती पेटीत बंद झाली. आता पुतणी बावीस वर्षांची आहे आणि तिला ती वाजवावयाची आहे. पण आहे त्या स्थितीत ती वाजत नाही. पडद्यांवर तारांनी चरे पाडले आहेत, आवाजाची कळ फिरविली की खरखर होते, आणि तारेस हात लावण्यापूर्वीच आतून एक घुमणारा गुंजारव ऐकू येतो. रंग मूळचा पांढरा. तो आता जुन्या हस्तिदंतासारखा पिवळा पडला आहे, आणि वाजविणाऱ्याचा उजवा हात जेथे टेकतो तेथे तो पार उडून तळहाताएवढे लाकूड उघडे पडले आहे. पुतणीच्या मते सर्व काही नवे व्हावे आणि रंग गडद निळा असावा. वहिनींच्या मते तिच्यावरचा एक ओरखडाही पुसला जाता कामा नये.

योजना करावयाची तर वस्तूचा स्वभाव समजला पाहिजे, म्हणून आम्ही वाचनास लागलो. तेव्हा पहिली गोष्ट अशी आढळली की हे वाद्य ज्याने निर्माण केले तो गवई नव्हता, वादकही नव्हता. लिओ फेंडर हा कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी रेडिओ दुरुस्त करणारा गृहस्थ. स्वतःस गिटार वाजविता येत नसताही त्याने 1954 साली ही गिटार बाजारात आणली. तीत दुरुस्ती करणाराची दृष्टी पदोपदी दिसते. आपल्या सतारीची दांडी भोपळ्यास जोडली की दोघांचा जन्माचा संसार होतो. फेंडरने गिटारीची मान धडास चार स्क्रूंनी नुसती आवळून टाकली. मान बिघडली, दुसरी लावा. विजेचा सारा संसार त्याने एका पातळ पट्टीखाली मांडला. पट्टी उचला, आत पाहा. म्हणजे ह्या वाद्याच्या कर्त्यानेच ते बदलावयाचे म्हणून घडविले आहे. वहिनींच्या पक्षास हा पहिला धक्का होता, पण तो त्यांना सांगण्याचे धैर्य आम्हांस त्या दिवशी झाले नाही.

त्या पट्टीखालचा कारभार फॅरेडेने 1831 साली जगापुढे मांडलेल्या तत्त्वावर चालतो. प्रत्येक तारेखाली एक लहानसा दंडाकृती चुंबक असतो. अशा सहा चुंबकांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे सुमारे आठ हजार वेढे असतात. वरची पोलादी तार हलली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत क्षीण असा प्रवाह उत्पन्न होतो. तोच पुढे वाढवून ध्वनिवर्धकातून आपणांस ऐकू येतो. परंतु हे वेढे भोळे असतात. घरातील विजेच्या तारांतून सेकंदास पन्नास आवर्तने घेणारा जो प्रवाह वाहतो, त्याचीही कुजबुज ते टिपतात आणि तोच तो गुंजारव. यावर सेथ लव्हर नावाच्या गिब्सन कंपनीतील तंत्रज्ञाने 1955 च्या सुमारास उपाय काढला: दोन वेटोळी परस्परांच्या उलट जोडावयाची, म्हणजे बाहेरची कुजबुज दोघांत मिळून शून्य होते आणि तारेचा स्वर मात्र दुणावतो. दोन शेजारणींचे परस्परविरोधी गाऱ्हाणे एकाच वेळी ऐकणाऱ्या मनुष्यास जी शांतता लाभते, तीच ही असावी.

पुतणीस असे जोड-वेटोळे हवे होते. पण त्यासाठी धडातील खाच रुंद करावी लागते, म्हणजे लाकूड कोरावे लागते. येथे आमच्या टिपणांत प्रथम दोन रकाने झाले: एक, परत फिरविता येईल अशा बदलांचा, दुसरा, परत न फिरविता येणाऱ्या बदलांचा. कळा बदलणे, डाख नव्याने देणे, खाचेस आतून तांब्याचा पातळ पत्रा लावून गुंजारव कमी करणे, ही कामे पहिल्या रकान्यात गेली. पडदे बदलण्याची अडचण नव्हती. जोडा झिजला की तळ बदलतात तसे ते बदलावयाचेच असतात. लाकूड कोरणे दुसऱ्या रकान्यात गेले आणि तेथेच नामंजूर झाले. एका वेटोळ्याच्या मापात बसणारी जोड-वेटोळी बाजारात मिळतात हे कळल्यावर पुतणीनेही हट्ट धरला नाही.

खरा तंटा रंगाचा. तो परत फिरविता येत नाही. ह्या गिटारीवरील लेप पॉलिएस्टरचा, काचेसारखा कठीण. रंग काढण्याचे नेहमीचे द्रावण त्यावर मात्रा चालवीत नाही. तो उष्ण हवेने फुगवून खरवडावा लागतो किंवा नाकातोंडास फडके बांधून दिवसच्या दिवस पॉलिश पेपरने घासावा लागतो. लाकूड उघडे झाले की छिद्रे भरणे, अस्तर देणे, पातळ रंगाचे हात, त्यावर पारदर्शक लेपाचे हात, वाळण्यास आठवडे आणि मग पुन्हा घासणे. मोटारी रंगविणाऱ्या एका कारागिराने हे सर्व ऐकून घेतले आणि आम्हांस आमची मोटार दाखविण्यास सांगितले. त्याच्या प्रश्नात विनोद नव्हता; खुद्द फेंडरने हौशी गिऱ्हाइकांस जे निरनिराळे रंग देऊ केले, तेही डुपाँ कंपनीने मोटारींसाठी बनविलेलेच होते.

दोन्ही पक्षांस आधार मुबलक आहे. आयर्लंडचा रोरी गॅलाघर याची 1961 साली बनलेली स्ट्रॅटोकास्टर घामाने आणि घर्षणाने बहुतेक नागडी झाली होती. त्याने ती तशीच आयुष्यभर वाजविली आणि 2024 साली लिलाव झाल्यावर ती त्या देशाच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या वाट्यास आली. उलट अमेरिकेतील एडी व्हॅन हेलन याने सुट्या भागांची एक गिटार जोडून तीत दुसऱ्या घराण्याचे वेटोळे बसविले आणि पांढऱ्याकाळ्या पट्ट्यांवर 1979 साली लाल रंग चढविला. तीही आज तितकीच प्रसिद्ध आहे. ह्याहून मौज अशी की 1995 पासून फेंडर कंपनी कोऱ्या गिटारींस मुद्दाम ओरखडे पाडून, रंग खरवडून, त्या अधिक किंमतीस विकते. न जगलेले आयुष्य असे विकत मिळू लागले, ह्याचे वहिनींना इतके आश्चर्य वाटले की त्या दिवशीचा वाद तेथेच थांबला.

ह्या प्रश्नावर विचार करिताना आम्हांस आपल्याकडील देवस्थानांची आठवण होत असे. आपल्याकडे मूर्तीस शेंदराचे लेप पिढ्यानुपिढ्या चढतात. वणीच्या सप्तशृंगीवरील असा हजार किलोहून अधिक शेंदूर 2022 साली काढण्यात आला, तेव्हा आतील स्वरूप पाहून कित्येकांचे डोळे भरून आले आणि कित्येकांना आपली नित्याची देवी आठवत राहिली. कोणते रूप खरे? घडविणाऱ्याच्या हातचे, की पुजणाऱ्यांच्या हातांनी झालेले? पाठभेद तपासणाऱ्या पंडितासही हा प्रश्न सुटत नाही. प्राचीनतम पाठ सापडला तरी लोकांच्या तोंडी असलेला पाठ खोटा ठरत नाही.

अशा मनःस्थितीत, केवळ भागांची यादी करण्यासाठी, एका रविवारी जेवणाच्या टेबलावर आम्ही ती पट्टी उघडली. वहिनी शेजारी उभ्या होत्या. पट्टीखालचा रंग दुधासारखा पांढरा निघाला; बंधूंनी विकत घेतला तो रंग हा, आणि आम्ही सर्वांनी ओळखला तो पिवळा, हे दोन्ही तेथे एका रेघेवर भेटले होते. पुतणीने पट्टी उलटी केली. मागच्या बाजूस शिसपेन्सिलीने, बँकेच्या खातेवहीत शोभेल अशा अक्षरात लिहिले होते: "3 मार्च 1988. स्विच बदलला. मधले दोन आवाज आता पक्के."

ह्याचा अर्थ आमच्याआधी पुतणीस कळला. जुन्या स्ट्रॅटोकास्टरच्या कळीस तीनच जागा असत. वादक ती दोन जागांच्या मध्ये अडकवून आणखी दोन आवाज काढीत. 1977 साली फेंडरने पाच जागांची कळ दिली. बंधूंनी आपल्या तीन जागांच्या गिटारीस तशी कळ स्वतः बसविली होती. जी वस्तू आम्ही बंधूंच्या हातची म्हणून जशीच्या तशी जपावयास निघालो होतो, ती त्यांनीच पट्टी काढून, तारा तोडून, डाख देऊन बदललेली होती!

वहिनी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "भावजी, त्या रात्री टेबलावरचा नवा कपडा जाळला होता यांनी. दोन वाजेपर्यंत बसले होते. मी चार दिवस बोलले नव्हते." आणि थोड्या वेळाने, "आतलं काय ते करा तुम्ही. पण हात टेकायची जागा राहू द्या."

पुतणीने गिटार मांडीवर घेतली आणि वाजविण्याच्या बैठकीत उजवा हात टेकून पाहिला. तो त्या उघड्या लाकडावरच पडला. "काका," ती म्हणाली, "निळ्याचं नंतर बघू. आधी एक वर्ष वाजवते."

तेव्हा आमची योजना आता पुढीलप्रमाणे ठरली आहे. पडदे नवे, कळा, वेटोळी आणि आतील तारा नव्या, खाचेस तांब्याचा पत्रा. काढलेला प्रत्येक भाग नाव-तारीख घालून पाकिटात ठेवावयाचा. उघड्या लाकडास घाम मुरू नये म्हणून तेवढ्यापुरता बिनरंगी पातळ हात, तोही वहिनींच्या देखत. पट्टीच्या मागील ओळीस कोणी खोडरबर लावावयाचे नाही. तिच्याखाली पुतणीने आपली ओळ लिहावयाची, अक्षर बापासारखे सुबक नसले तरी चालेल. रंगापुढचा रकाना आम्ही कोरा ठेवला असून कागदावर वहिनींची सही घेतली आहे. टेबलावर या खेपेस जुनी चादर अंथरली आहे.