मॅकरोनी आणि सरगुंडे

भगिनींनो, तुमच्याही घरी असे झाले असेल. मुले शहरातल्या नातेवाइकांकडे चार दिवस राहून येतात आणि घरचे जेवण त्यांना गोड लागेनासे होते. आमची धाकटी यवतमाळला मावशीकडे गेली होती. आली ती मॅकरोनीचा हट्ट घेऊनच. "चीज घातलेली, दाट, मऊ, मावशी करते तशी!"

सासूबाई म्हणाल्या, "मले सांग, मी करून देतो."

"आजी, तुला नाही जमायचं," पोर म्हणाली. मी तिला रागावले नाही. खरे सांगते, मलाही तसेच वाटत होते.

यवतमाळहून मॅकरोनीचे पाकीट आणि चीज आणवले. नेमका त्या दिवशी गॅस संपलेला. पऱ्हाट्यांची चूल पेटवली, मॅकरोनी उकडली आणि दूध तापत ठेवले. चव यावी म्हणून त्यात दोन टमाटे चिरून घातले. बघता बघता दूध फाटले. पाणी एकीकडे, गोळे एकीकडे. पोरीचे डोळे भरून आले.

सासूबाई माळ ठेवून चुलीशी आल्या. "दुधात आंबट टाकलं तं फाटणारच, बाई. अन् कढीले बेसन काऊन लावतो आपण?"

मी बघतच राहिले. ताक तापवताना फुटू नये म्हणून आपण बेसन लावतो, हे मला का सुचले नाही? पीठ शिजून फुगते आणि दुधाचे बारीक कण एकमेकांना चिकटू देत नाही. विलायती पदार्थाची गोम आपल्या कढीतच होती.

मग त्यांच्या सांगण्याप्रमाणे केले. दोन चमचे लोण्यात दोन चमचे कणीक मंद आचेवर परतली, लाल होऊ दिली नाही. दीड वाटी दूध थोडे थोडे घालून गुठळी न होऊ देता ढवळले. दाट होताच पऱ्हाट्या बाहेर ओढल्या, पातेले खाली उतरवले आणि मगच किसलेले चीज घातले. चीज उकळू देऊ नये. फार आचेने ते चिवट होते आणि तूप सोडते. दोन वाट्या मॅकरोनी उकडून त्यात घातली. दाट वाटले तेव्हा तिचेच उकडलेले पाणी पळीभर घातले. मीठ शेवटी, चव पाहून. चीज खारट असते. पनीर मात्र चीजच्या जागी घालू नका, ते विरघळत नाही. फाटलेल्या दुधाची कांदा-मिरची घालून भाजी झाली.

जेवताना सासूबाईंनी एक नळी बोटात धरून पाहिली आणि हसल्या. "हे तं आपले सरगुंडेच हायेत वं!"

खरेच की! घट्ट भिजवलेल्या कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळायची आणि काडी ओढून घ्यायची. आत पोकळ नळी राहते. आंब्याच्या दिवसांत त्या ते उकडून रसाबरोबर वाढत. मॅकरोनीचा गहू म्हणजे आपला बन्सीच्या जातीचा कडक गहू. अमेरिकेत १९३७ साली, मंदीच्या काळात, क्राफ्ट कंपनीने मॅकरोनी आणि चीजचे खोके १९ सेंटांना विकायला काढले, चौघांच्या जेवणापुरते. तेही ओढगस्तीच्या संसाराचेच अन्न होते.

लग्नाला सोळा वर्षे झाली, पण सरगुंडे मी कधी शिकले नाही. वेळ कुठे आहे, म्हणत राहिले. आता सासूबाईंचे हात थरथरतात. त्या रात्री पोरगी त्यांना म्हणाली, "आजी, मला काडी धरायला शिकव ना." पहिल्या दिवशी तिचे चारच सरगुंडे धड झाले, माझे तीन.

भगिनींनो, मुलांना मॅकरोनी जरूर करून द्या. पण करताना घरातल्या म्हातारीला चुलीजवळ पाट मांडून द्या. तिला विचारायचे राहून गेले तर पुढे ते सांगणारे कोणी उरत नाही.