देहाचे पाठभेद

लीळाचरित्राचे पाठभेद शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो, की एखादी वेलांटी बदलली तरी शब्द परका होतो, आणि संपादकाचे काम त्या वेलांटीपासूनच सुरू होते. देहातही असेच पाठभेद असतात, हे आम्हांला कळले ते आमच्या विभागातील एका बाईंच्या आजारपणामुळे.

यवतमाळात सांधेदुखीला सरसकट 'वात' म्हणतात. बाईंची बोटे सकाळी तासभर मिटत नसत. दोन वर्षे तेल, शेक आणि दुखणे दाबणाऱ्या गोळ्या यांतच गेली. मग रक्ताच्या अहवालात 'अँटी-सीसीपी' हे अक्षरत्रय आले आणि वाताला नेमके नाव मिळाले : रुमॅटॉइड संधिवात.

पेशी प्रथिनांचे लहान तुकडे, म्हणजे पेप्टाइड, आपल्या पृष्ठभागावर मांडतात आणि रोगप्रतिकारक टी-पेशी ते वाचतात. आपला मजकूर असेल तर पुढे जातात, परका वाटला तर लढाई पुकारतात. या आजारात एक विकर प्रथिनातील आर्जिनिन या घटकाचे सिट्रुलिन करते. ज्या टरबुजाने आमचा वैशाख सुसह्य होतो, त्याच्याच लॅटिन नावावरून सिट्रुलिन हे नाव आले. प्रथिन आपलेच असते, बदलते एक अक्षर. काही जणांचा देह मात्र तेवढ्यावरून स्वकीयाला परका ठरवतो आणि त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे घडवतो.

हा भेद हुडकणे सोपे नाही. वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रात मूळ आणि बदललेल्या पेप्टाइडमध्ये जेमतेम एका हायड्रोजन अणूइतका फरक दिसतो. पंचाईत अशी, की अॅस्परॅजिन या दुसऱ्याच घटकात होणारा एक नेहमीचा बदलही अगदी तेवढ्याच वजनाचा असतो. म्हणून केवळ वजन पाहून भागत नाही. तुकड्याचे आणखी तुकडे करून बदल नेमका कोणत्या स्थानी आहे, हे ठरवावे लागते. संहितेच्या संपादकाला ही चिकाटी अनोळखी वाटू नये. सिट्रुलिनयुक्त पेप्टाइडांना चिकटणारी प्रतिपिंडे या रुग्णांत आढळतात, हे डच संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवले. आजची रक्ततपासणी त्यातूनच घडली. ती प्रत्येक रुग्णात होकारार्थी येत नाही. मात्र काहींच्या रक्तात ही प्रतिपिंडे सांधे सुजण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून असतात.

पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. हा आजार साधारण दोनशेंत एकाला आढळला. सांधे-स्नायूंच्या दुखण्याची तक्रार त्याहून कितीतरी अधिक जणांची होती. त्या मोठ्या गर्दीत दोनशेंतला हा एक 'वात' या एकाच शब्दाखाली सहज हरवतो.

बाई आता औषधे घेतात, तासही घेतात. परंतु उजव्या हाताची दोन बोटे वाकली ती वाकलीच. लवकर निदान झाले असते तर कदाचित वाचली असती. विद्यार्थी घरच्यांच्या वाताविषयी बोलू लागले, की आम्ही आता एवढेच विचारतो : सकाळी बोटे किती वेळ आखडलेली असतात?