नांग्या भरत नाहीत

उज्जैनच्या काळ्या जमिनीत बागेसाठी लसूणघास लावणाऱ्याला ऑक्टोबरात एकच दृश्य दिसतं. जूनपर्यंत दाट उभा असलेला वाफा पावसाळ्यातून तुकड्यातुकड्यांनी बाहेर येतो. कडेची, उंचवट्यावरची ठोंबं हिरवीगार आणि मध्ये हातहातभर नांग्या. आपण नांग्यांत बी टाकतो. ते उगवतं, चार पानं येतात, मग रोप पिवळं पडून जागीच बसतं. दोष बियाण्याला दिला जातो, दुकान बदललं जातं, पुढच्या वर्षी तेच. माझं म्हणणं असं की बियाण्याचा काही दोष नाही. या जमिनीत लसूणघास बारमाही ठेवण्याचा आपला हट्टच चुकीचा आहे. तो इथे दोन पावसाळ्यांच्या मधलं पीक म्हणून घ्यावा आणि बागेलाही त्यातच जास्त मिळतं.

हे पीक मूळचं इराणच्या बाजूचं, कोरड्या हवेचं. माळव्याची जमीन त्याला एरवी मानवते: खोल, चुनखडीची, सामू सातच्या वर. अडतं ते फक्त चार महिने. वर्षाचा सुमारे 900 मिलिमीटर पाऊस बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात पडतो. पहिल्या सरींनी उन्हाळ्यातल्या भेगा बुजतात, माती फुगते आणि मग पाणी खाली जवळजवळ उतरतच नाही. वाफसा यायला आठ-आठ दिवस लागतात. तोवर मुळांना हवा नाही, आणि कुजव्या बुरशीला हवं तेच मिळालेलं असतं. गादीवाफे उंच करा, सरीतून पाणी काढा, हा सल्ला बरोबर आहे. सोयाबीनवाल्यांनी रुंद वरंबा आणि सरी उगाच धरलेली नाही. पण सोयाबीनला शंभर दिवस निभवायचे असतात. लसूणघासाच्या ठोंबाला दर महिन्याला कापणीची जखम सोसत तीन पावसाळे काढायचे असतात. उंच वाफ्याने मर कमी होते, थांबत नाही. आणि जी मर होते तिची जागा पुन्हा भरत नाही, हा खरा पेच आहे. जुना लसूणघास मातीत अशी द्रव्यं सोडतो की त्याच्याच जातीचं नवं रोप तिथे मूळ धरत नाही. मेथी, मका, भोपळा तिथे बिनतक्रार येतात. लसूणघास तेवढा येत नाही. कोरड्या मुलखात या गुणाने त्याचं भलंच होत असेल, कारण एकेका झाडाला पाण्यासाठी आपली हद्द राखावी लागते. आपल्या वाफ्यात मात्र पावसाने पाडलेली भोकं तोच कायमची करून ठेवतो. नांग्या भरण्याची सगळी मेहनत त्यामुळे वाया जाते, आणि माझ्यासकट आपण सगळे ती वर्षानुवर्षं करत राहतो.

यावर पहिला आक्षेप खोल मुळांचा. एका हंगामात ते सोटमूळ किती जाणार? सहा मीटर जाणार नाही, हे कबूल. पण मीटरभर गेलं तरी पालेभाज्यांची मुळं जिथे कधी पोचत नाहीत तिथे ते पोचलेलं असतं. शिवाय जिवंत मुळाने माती पोखरली जाते हे खरं असलं, तरी त्याची वाट पाण्याला मोकळी होते ते मूळ मरून कुजल्यावर. दुसरा आक्षेप नत्राचा, आणि तो अधिक वजनाचा आहे: एका हंगामात गाठी धरून नत्र कितीसं मिळणार? सोयाबीनच्या पट्ट्यात राहून आपल्याला वाटतं की जमिनीत गाठींचे जीवाणू भरपूर असतील. असतात, पण ते सोयाबीनचे. लसूणघासाला त्यांचा उपयोग नाही. त्याची सोयरिक जमते ती मेथीशी आणि गव्हात तण म्हणून येणाऱ्या रानमेथीशी. म्हणून संवर्धक हाती नसेल तर चांगल्या मेथीच्या वाफ्यातली मूठभर ओलसर माती बियाण्याला चोळावी. दीड महिन्याने एक रोप हळूच उपटून गाठ नखाने फोडावी. आत गुलाबी असेल तर काम चालू आहे. पांढरी किंवा हिरवट असेल तर तो घास आपल्याच शेणखताचं नत्र खातो आहे. भरपूर शेणखत घातलेल्या वाफ्यात तो तसाही आळशी होतो, हेही ओळखून असावं.

मात्र नत्र मातीत येतं ते कापलेला पाला परत दिला तरच. 10 किलो हिरव्या कापणीत सुमारे 2 किलो सुका पदार्थ, त्यात साठेक ग्रॅम नत्र आणि त्याहून थोडा कमी पालाश. ही जुडी वाफ्याबाहेर गेली की लसूणघासाने जमीन सुधारली म्हणणं संपलं. इथे तिसरा आक्षेप उभा राहतो, आणि देवळांच्या या गावात तो मनाला लागतो: गाईच्या तोंडचा चारा मातीत कुजवायचा? मी म्हणेन, खुशाल गाईला घाला, सुकवून आणि बेताने घाला म्हणजे पोटफुगी होणार नाही. पण मग गोमूत्र सोडू नका, कारण घासातल्या नत्राचा मोठा भाग त्यातच उतरतो. आपल्याच शेजारी, इंदुरात, 1924 ते 1931 या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी खताची जी पद्धत बसवली, तिच्यात गोठ्यातली मूत्राने भिजलेली माती हा शेणाइतकाच मानाचा घटक होता. 1931 चं ते पुस्तक त्यांनी आणि यशवंत वाड यांनी मिळून लिहिलं. जगभर हॉवर्डांचं नाव घेतलं जातं. वाडांचं नाव निदान मराठी माणसांनी तरी घ्यायला हवं होतं. त्यांचा मुद्दा साधा होता. हिरवं आणि वाळकं यांचा मेळ घाला. नुसता लसूणघास आच्छादन म्हणून टाकला तर आठवड्याभरात काळा, चिकट होतो आणि त्यातलं नत्र हवेत उडतं. त्या 10 किलोंत 2 किलो गव्हाचं काड मिसळलं की कर्ब-नत्राचं प्रमाण पंचविशीच्या आत-बाहेर येतं आणि खत नीट बसतं. हेच काड नरवाई म्हणून इथे दर एप्रिलला पेटवलं जातं. बागेला लागतं ते सगळं शिवारात असताना बाहेरून पोती आणण्याची गरज मला कळत नाही.

पोती विकणाऱ्यांबद्दलही बोललं पाहिजे. 1977 साली मिशिगन राज्य विद्यापीठात स्टॅन्ली रीस आणि सहकाऱ्यांना लसूणघासात ट्रायकॉन्टेनॉल हे वाढीला चालना देणारं द्रव्य सापडलं. त्या एका शोधावर गुलाबाच्या कुंडीत टाकायच्या गोळ्यांपासून फवाऱ्याच्या बाटल्यांपर्यंत बाजार उभा राहिला. शोध खरा आहे. पण नंतरच्या प्रयोगांत फळ कधी आलं, कधी नाही. घासाच्या आच्छादनाने झाड तरारतं तेव्हा नत्र, पालाश आणि झाकलेली ओल एवढ्यानं बहुतेक सगळा उलगडा होतो. दुसऱ्या बाजूला सुभाष पाळेकरांच्या वाटेने जाणारे आच्छादन आणि वाफसा या दोन शब्दांवर भर देतात, ते मला मनापासून पटतं. त्यांनी वाफशाचा अर्थ काळ्या जमिनीपुरता आणखी कठोरपणे लावावा, एवढीच माझी मागणी आहे.

राहिला पाण्याचा प्रश्न. उन्हाळाभर लसूणघास हिरवा ठेवायचा तर दर आठ-दहा दिवसांनी पाणी द्यावं लागतं. ज्या गावाच्या क्षिप्रेत 2014 पासून नर्मदेचं पाणी उचलून सोडावं लागतं, तिथे मे महिन्यातला हिरवा वाफा अभिमानाने दाखवणं मला आता जमत नाही. दाखवत होतो, हेही सांगतो. तिसऱ्या वर्षाचा लसूणघास, अंगठ्याएवढी ठोंबं, याचा मला फार गर्व होता, आणि तो बागेच्या भल्यापेक्षा पाहणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी जास्त होता. तीन वर्षांचं मूळ काढायला कुदळ लागते आणि मनगट आता कुदळीला तयार नाही. एका हंगामाचं मूळ खुरप्याने तुटतं. एप्रिलअखेर शेवटची कापणी, मग पाणी बंद. मेमध्ये जमीन भेगाळली की ठोंब मातीखाली दोन बोटं, जिथून फुटवे येतात त्याच्या खाली कापायचा. खालचं मूळ तसंच सोडायचं आणि वर काडाचा थर पसरायचा. जूनच्या पहिल्या पावसात त्याच ओळींवर मका टोकायचा. ऑक्टोबरात नवा लसूणघास शेजारच्या वाफ्यात, मेथीची माती चोळून.