पास हाय का?

आधीच सांगतो, मी कॉन्व्हेंटचा. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला!

माझं गाव अंकुशनगर, तालुका अंबड. गावाची ओळख म्हणजे समर्थ सहकारी साखर कारखाना. पप्पा तिथे गेटवर वॉचमन. गेल्या गळीत हंगामात हॉस्टेलचे दोन मित्र घेऊन गव्हाण दाखवायला गेलो, तर पप्पांनीच अडवलं. "पास हाय का?"

"पप्पा, मी आहे!"

"पोरगा घरी. गेटवर पास लागतो."

मित्र हसले. मी मात्र दोन महिने फोन फक्त मम्मीला केला.

मग आला मिनी प्रोजेक्ट. एका छोट्या बोर्डासाठी फर्मवेअर अपडेट सर्व्हिस. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या चिपमध्येच बसलेला प्रोग्राम. तिथे काही वाईट घुसलं तर ऑपरेटिंग सिस्टीम नव्याने टाकूनही ते निघेलच असं नाही. आणि ही सर्व्हिस चालते रूट म्हणून, म्हणजे साक्षात घरधनी! म्हणून सरांनी एसईलिनक्स लावायला सांगितलं. अमेरिकेच्या एनएसएने ते 2000 साली खुलं केलं, 2003 मध्ये ते लिनक्सच्या कर्नलमध्ये आलं. 2014 च्या अँड्रॉइड 5.0 पासून ते आपल्या खिशातसुद्धा सक्तीने आहे. यात प्रत्येक प्रोसेसला, प्रत्येक फाइलला लेबल असतं. कोणी कशाला हात लावायचा ते पॉलिसीत लिहायचं. लिहिलं नाही ते बंद. रूटलासुद्धा!

डेमोच्या आदल्या रात्री अपडेट अडकलं. 'परमिशन डिनाइड'. मी वैतागून 'सेटएनफोर्स शून्य' मारलं. आता पॉलिसी अडवत नाही, नुसती नोंद करते. अपडेट झालं, मी झोपलो.

डेमोत सरांनी आमच्याच सर्व्हिसला सांगितलं, पासवर्डची फाइल वाच. तिने वाचली! सर एवढंच म्हणाले, "गेट सताड उघडं, आणि वॉचमन वही लिहीत बसलाय."

सरांना पप्पांचं काहीच माहीत नव्हतं. पण मला लागलं.

रात्री लॉग वाचला. चूक केवढीशी! सेटिंगची फाइल मी होम फोल्डरमधून मूव्ह केली होती, म्हणून तिचं लेबल घरचंच राहिलं होतं. 'रिस्टोअरकॉन' ही एक आज्ञा दिली, लेबल सुधारलं, सक्ती पुन्हा चालू केली. अपडेट सुरळीत झालं.

घरचं लेबल लावून गेटवर आलेली फाइल... मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसलो. मग पप्पांना फोन लावला.

"पप्पा, या हंगामाला पास कुठून काढायचा?"

पलीकडे थोडा वेळ शांत. मग म्हणाले, "मी साहेबाला इचारून ठिवतो. दोस्तांची नावं सांग."