कळकलेलं यंत्र

मी बी.कॉम. माणूस. रसायनशास्त्राशी माझा संबंध दहावीत सुटला आणि तो उभयपक्षी समाधानानं सुटला. त्यामुळं कन्येनं एम.एस्सी.ला नेमका तोच विषय घेतला, तेव्हा हा गुण तिच्या आईकडचा असणार असं मी परस्पर जाहीर करून टाकलं. पुढं ती एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागली. कारखान्याचं नाव सांगत नाही. तिची नोकरी नवी आहे आणि माझं घरकर्ज जुनं.

ती तिथं काय करते, याचं उत्तर मी शेजाऱ्यांना बरेच दिवस 'औषधं तपासते' एवढंच देत असे. शेवटी एका रविवारी तिनं मला समोर बसवून घेतलं.

त्या यंत्राचं नाव एचपीएलसी. त्यात एक पोलादी नळी असते, तिला कॉलम म्हणायचं. तिच्या पोटात बारीक भुकटी ठासून भरलेली. वातावरणाच्या दाबाच्या शंभर-दोनशे पट दाबानं पंप त्या भुकटीतून औषधाचं द्रावण ढकलतो. औषधातले घटक भुकटीला कमी-जास्त चिकटतात आणि एकेक करून बाहेर पडतात. आमच्या काउंटरसारखंच. नुसतं पासबुक भरायचं असलेला लगेच सुटतो. मॅनेजरसाहेबांची ओळख सांगणारा जेवणाच्या सुट्टीनंतर. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाचा कागदावर एक सुळका उमटतो. या विद्येचं क्रोमॅटोग्राफी हे नाव मिखाईल त्स्वेत नावाच्या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं १९०६ साली रूढ केलं. त्यानं खडूच्या भुकटीतून पानांतले रंग वेगळे केले होते. गंमत म्हणजे रशियन भाषेत 'त्स्वेत' म्हणजेच रंग. आडनावाला जागणारी माणसं सगळीकडं असतात.

एका गुरुवारी कन्या रात्री दहाला घरी आली ती तोंड पाडून. सुळक्याला शेपूट फुटलं होतं! सुळका कसा, चढला तसा उतरायला हवा. हा उतरताना पाय ओढत होता. शेपटाचं एक माप असतं, ते २ च्या आत हवं. आलं होतं २.७. कॉलम बदलला, तरी शेपूट तसंच. तेव्हा साहेब म्हणाले, "नवीन मुलगी आहे. हात बसला नसेल."

मला माझं बँकेतलं पहिलं वर्ष आठवलं. दिवसअखेर २७० रुपयांचा फरक आला होता आणि सगळी शाखा माझ्याकडं बघत होती. फरकाला नऊनं भाग जातो म्हणजे आकड्यांची अदलाबदल, एवढं कॉमर्सनं शिकवलं होतं. रात्री साडेदहाला सापडलं. ५८० चे ८५० झाले होते आणि ते हेडक्लार्कच्या वळणदार अक्षरात होते. माफी कुणी मागितली नाही. चहा मात्र पाजला.

"मग चूक कुणाची?" मी विचारलं.

"नळ्यांची," कन्या म्हणाली. "नळ्या स्टेनलेस स्टीलच्या, पण कालांतरानं लोखंडाचे कण सुटतात आणि सांध्यांत, जाळ्यांत बसतात. आमचं औषध टेट्रासायक्लिनच्या जातीचं. ते धातूला धरून बसतं. म्हणून तर डॉक्टर ते दुधाबरोबर किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका म्हणतात. वाटेत थोडं औषध त्या लोखंडाला बिलगतं आणि मागून येतं. तेच शेपूट."

कर्जवाटपाच्या मीटिंगमध्ये हलवतो तशी मी मान हलवली. तेवढ्यात मेथी निवडत बसलेली माझी आई म्हणाली,

"म्हणजे कळकलं म्हण की!"

आम्ही दोघं बघतच राहिलो.

"अगं, कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात दही लावलं की कळकतंच. मी नवी सून होते, बोलणी मला बसली. म्हणे हिला विरजण लावता येत नाही. दुसऱ्या दिवशी तेच दूध नि तेच विरजण चिनी मातीच्या सटात लावून दाखवलं. तुमच्याकडं सट नाही का?"

सट होता. शेजारच्या टेबलावर दुसरं यंत्र होतं. शुक्रवारी कन्येनं तेच द्रावण, तोच कॉलम तिकडं लावला. शेपूट गायब! मग साहेबांनी यंत्र धुवायची परवानगी दिली.

शनिवारी धुणं निघालं. आधी कॉलम काढून ठेवायचा, कारण आम्लानं त्याची वाट लागते. त्या जागी नुसता जोड बसवायचा. मग पाणी सोडायचं, आतलं मिथेनॉल पार निघून जाईपर्यंत. मिथेनॉल आणि नायट्रिक आम्ल समोरासमोर येणं धोक्याचं. (आमच्याकडं दोन आत्यांना एका पंगतीला बसवत नाहीत, त्यातलंच.) त्यानंतर पातळ केलेलं नायट्रिक आम्ल सावकाश फिरवायचं. ते सुटं लोखंड विरघळवून नेतं आणि पोलादातल्या क्रोमियमची पातळ साय आतून धरू देतं. "ही कल्हईच," आईनं निकाल दिला, "फक्त नवसागराचा धूर नाही." शेवटी पुन्हा पाणी, आम्लाचा अंशही कागदावर दिसेनासा होईपर्यंत. आणि प्रत्येक पायरी वहीत लिहून खाली सही. लिहिलं नाही ते घडलंच नाही, हा तिकडचा नियम. हे ऐकून मुलगी अगदीच परक्या धंद्यात गेलेली नाही, असं मला पहिल्यांदा वाटलं.

त्या दिवशी मी तिला चार फोन केले. आम्ल म्हटलं की बापाला हातमोजे, चष्मा सगळं आठवतं. तिनं एकही उचलला नाही. संध्याकाळी निरोप आला, '१.३'. आधी मला वाटलं, व्याजदर पाठवतेय की काय!

रात्री जेवताना आईनं विचारलं, "मग तुझा तो साहेब काय म्हणाला?"

"काही नाही आजी," कन्या म्हणाली. "चहा पाजला."