पेप्टाइडची बाटली आणि वर्णाचा रकाना

हल्ली वस्तीतल्या मुलींच्या तोंडी पेप्टाइड हा नवा शब्द आला आहे. आमच्या पुतणीने सहाशे रुपयांची तीस मिलीची बाटली आणली. कारकुनाला कागद वाचायची खोडच असते, तेव्हा तिच्याआधी आम्हीच बाटलीवरचा बारीक मजकूर वाचून काढला.

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ. तिचा थोड्या मण्यांचा तुकडा म्हणजे पेप्टाइड. कातडीला घट्टपणा देणारे कोलॅजन हेही प्रथिनच. ते वयाने झिजते आणि उन्हानेही. असे तुकडे वरून लावले की खालच्या पेशींना नवे कोलॅजन करण्याची सूचना मिळावी, असा या बाटल्यांमागचा विचार आहे. तो अगदीच हवेतला नाही. १९७३ साली लोरेन पिकार्ट या संशोधकाने माणसाच्या रक्तात तीन मण्यांचे असे एक पेप्टाइड शोधले. तांब्याशी जोडून निळ्या रंगात विकतात ते हेच. पण कातडीचा वरचा थर मोठा रेणू आत घेत नाही. म्हणून काही पेप्टाइडना स्निग्धाम्लाची शेपटी जोडतात. लेबलावर ‘पाल्मिटॉइल’ असते ते त्यासाठी. इतके करून फरक पडलाच तर बारीक सुरकुत्यांवर, काही आठवड्यांनी आणि थोडाच. शिवाय एक टक्क्याहून जास्त असलेले घटक लेबलावर उतरत्या क्रमाने लिहावे लागतात, त्याखालचे कसेही लिहिले तरी चालतात. पेप्टाइड बहुधा या खालच्या भागात असते. आमच्या भाषेत किरकोळ खाते!

पुतणी तेवीस वर्षांची. आम्ही विचारले, “बाळा, तुला सुरकुत्या कुठे आहेत?” ती म्हणाली, “काका, आत्याच्या मलमापेक्षा तरी हे बरं ना?”

यावर आम्हाला बोलता येईना. आमची थोरली बहीण चार घरची कामे करते. कुणीतरी सांगितले म्हणून औषधाच्या दुकानातून तीस-चाळीस रुपयांची ट्यूब आणून तिने दोन वर्षे तोंडाला चोळली. पहिल्या महिन्यात चेहरा उजळला. मग गाल लाल झाले, कातडी पातळ झाली, ऊन लागले की आग आग. ट्यूब थांबवली की आणखी फोड, म्हणून पुन्हा ट्यूब. त्यात स्टेरॉइड होते. अशी मलमे २०१८ साली शेड्यूल एचमध्ये घातली गेली, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. तरी आमच्या नाक्यावर मिळतात. भगिनींनो, घरात अशी ट्यूब असेल तर ती घेऊन सरकारी दवाखान्यातल्या कातडीच्या डॉक्टरकडे जा. मनानेच एकदम बंद करू नका, सोडायचीही पद्धत असते.

पेप्टाइड त्या मानाने निरुपद्रवी. परवडत असेल तर धुतलेल्या तोंडाला लावावे, वर साधे क्रीम. पण सहाशेच रुपये असतील तर आधी छत्री घ्यावी आणि एसपीएफ ३० चे सनस्क्रीन. उन्हाने झिजणारे त्यानेच वाचते. नटण्याला आमचा विरोध नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनीच आपल्या आयाबायांना नीटनेटके लुगडे नेसायला, जातीची खूण सांगणारे दागिने टाकायला सांगितले होते.

पण पुतणीने बाटली आणली ती सुरकुत्यांसाठी नव्हेच. “मुलगी शिकलेली आहे, पण रंगाने जरा...” असा निरोप आला होता, आणि तोही आपल्याच बौद्ध घरातून. महाडला मनुस्मृती जाळली त्याच आठवड्यातली ती बाबासाहेबांची शिकवण, आणि आपल्या वधू-वर मेळाव्याच्या अर्जात मात्र ‘वर्ण’ हा रकाना छापलेला!

यंदा मंडळाच्या बैठकीत भांडून आम्ही तो काढायला लावला. अर्ज गोळा झाले तेव्हा मोजले. एकसष्ट अर्जांपैकी चौदांवर आईबापांनी कोपऱ्यात पेनाने लिहिले होते, ‘रंग गोरा’. पुतणीच्या अर्जाचा कोपरा कोरा होता. बाटली अजून अर्धी शिल्लक आहे; ती आता आत्या वापरते, डॉक्टरांना विचारून.