कुट्टनाडच्या पाण्यावर एक रात्र

समुद्राच्या पातळीखाली भात पिकतो, असे सांगितले तर तुमचा विश्वास बसेल काय? केरळातील कुट्टनाडला जा. वेंबनाड सरोवराच्या काठाने बांध घातलेले आहेत. होडीतून जाताना पाणी वर आणि भातशेत खाली दिसते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने २०१३ मध्ये या शेतीला जागतिक वारशाचा मान दिला.

गेल्या जानेवारीत मी व सौ. तिथल्या घरनावेत एक रात्र राहिलो. हिला केट्टुवल्लम म्हणतात. फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या, खिळा नाही. पूर्वी हिच्यातून भात वाहत. आता हिच्यात पलंग आहे आणि संडासही आहे.

सकाळी मी संडासात पाणी ओतले आणि सहज खिडकीतून खाली पाहिले. नावेखालून गढूळ लोट निघाला होता. वीसएक हातांवर पायरीवर बसून एक बाई भांडी विसळत होती. खरे सांगतो, मान वर करवेना.

नावाड्याला विचारले. तो मोडक्या हिंदीत म्हणाला, "साहेब, टाकी भरली. रिकामी करायला जायचे तर अर्धा दिवस मोडतो."

आता यातले शेतीचे कारण ऐका. भाताला खारे पाणी लागू नये म्हणून तण्णीरमुक्कम येथे बंधारा आहे. उन्हाळी हंगामात त्याची दारे बंद असतात. खारे पाणी अडते, पण भरती-ओहोटीचा धुवाही थांबतो. म्हणजे नावेने सोडलेली घाण तिथेच राहते. तिच्यातील नत्रावर जलपर्णी माजते, आणि जंतू पायरीवरच्या भांड्यात जातात.

उपाय अवघड नाही. नावेत बंद टाकी हवी. ती भरण्यापूर्वी मैला शुद्ध करण्याच्या केंद्रावर नेऊन उपसून घ्यावी. जंतूंनी मैला कुजवणारी टाकी असेल, तर तीत फिनेल किंवा ब्लीचिंग पावडर टाकू नये. कुजवणारे उपयोगी जंतूच मरतात. कापड, प्लॅस्टिकही टाकू नये.

लहान होडीत टाकी मावत नाही. तिथे घट्ट झाकणाची बादली ठेवावी. लघवी वेगळ्या डब्यात धरावी आणि मैल्यावर दर वेळी लाकडाचा भुसा किंवा काथ्याचा चुरा मूठभर टाकावा. कोरडे राहिले की वास येत नाही. किनाऱ्यावर आल्यावर विहीर व ओढ्यापासून दूर खड्ड्यात पुरावे. वर्षभर तरी उकरू नये. पुढे ते नारळाच्या आळ्यात घालावे, भाजीला नको. आपले आजोबा याला सोनखत म्हणत. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी मैल्याच्या खताचे प्रयोग स्वतःच्या हाताने केले. पाण्यात जे विष, ते मातीत धन!

त्या दिवशीची उरलेली सहल आम्ही सोडली. नावाड्याला म्हटले, "आधी टाकी रिकामी करायला चला, अर्ध्या दिवसाचे भाडे आमचे." सौ. थोडी हिरमुसली, पण तिनेही ती बाई पाहिली होती.

वाचकहो, तारकर्लीला जा, केरळात जा, मुक्कामाच्या नावेत चढण्यापूर्वी एवढेच विचारा : "टाकी कुठे रिकामी करता?" दहा प्रवाशांनी विचारले, तर अकराव्या वेळी नावाडी टाकी भरू देणार नाही.